व्हीआर टू देऊन जुनी व्हीआर वन घेऊ का?

पत्र:

"दादा नमस्कार. मी सांगलीचा, लग्नाच्या ऑर्डरी करतो. निकॉन डी७५० मेन बॉडी आहे आणि बॅकअपला डी७२००. लेन्स ७०-२०० एफ २.८ व्हीआर टू, सेकंडहँडच घेतली होती पण एकदम चांगली चाललीये. प्रॉब्लेम एकच, नवरीचा टाइट क्लोजअप घ्यायला जवळ गेलो की २०० वर ठेवूनसुद्धा चेहरा फ्रेममध्ये भरत नाही, लांबच वाटतो. तासगावचे एक सीनियर फोटोग्राफर आहेत, त्यांच्याकडे ह्याच लेन्सचं आधीचं मॉडेल आहे, व्हीआर वन. ते म्हणतात तुझी मला दे, माझी तू घे, वरून १५,००० देतो, माझी लेन्स 'खरी २००' आहे आणि तिला जुन्या काचेचं कॅरेक्टर आहे. बायको म्हणते जे पाहिजे ते मिळतंय आणि वर पैसे पण येतायत तर विचार कसला करताय. मला कळत नाही, नवीन देऊन जुनं घेणं येडेपणा आहे का? सीझन तोंडावर आहे, लवकर सांगा."

उत्तर:

मित्रा, येडेपणा अजिबात नाही. २००९ ला व्हीआर टू आली तेव्हा हीच तक्रार जगभरातल्या लोकांनी केली होती आणि बऱ्याच जणांनी खरंच जुनी परत शोधून घेतली होती. त्यामुळे तुला जे दिसतंय तो भास नाही, तुझी लेन्स बिघडलेली नाही आणि तासगावचे ते काका तुला गंडवतायत असं पण नाही. फक्त त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितलीये, आणि उरलेली अर्धी तुझ्या धंद्याच्या जास्त कामाची आहे.

आधी तुझ्या तक्रारीचं बघू. ही लेन्स फोकस करताना पुढून लांब होत नाही, सगळं आतल्या आत हलतं, आणि आतल्या काचा जवळच्या फोकसला सरकल्या की फोकल लेंथ, म्हणजे ते ७०-२०० चे आकडे, लांबचं किती जवळ ओढणार ते, कमी होते. इंटर्नल फोकसवाल्या झूममध्ये हे थोडंफार असतंच, पण व्हीआर टू मध्ये फारच जास्त आहे. रिंगवर २०० लिहिलंय ते लांबच्या फोकसला, अगदी जवळ म्हणजे १.४ मीटरवर आलास की ती प्रत्यक्षात १३५ च्या आसपासची लेन्स होऊन बसते. आपल्याकडे ह्याला ब्रीदिंग म्हणतात. निकॉनच्या स्पेसिफिकेशनमध्ये हे असं सरळ लिहिलेलं नसतं पण मॅग्निफिकेशनचा आकडा दिलेला असतो, व्हीआर टू चा ०.१२ आणि व्हीआर वन चा ०.१६. हे दोन आकडे बघून काही कळत नाही, म्हणून सेंटीमीटरमध्ये सांगतो. तुझ्या डी७५० चा फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ उंच, त्याला ०.१२ ने भागलं की ३० बाय २० सेंटीमीटर येतं. म्हणजे तुझी लेन्स जास्तीत जास्त जवळ नेलीस तर फ्रेममध्ये ३० बाय २० चा तुकडा मावतो. व्हीआर वन मध्ये मावतो साडेबावीस बाय १५ चा. आता नवरीचा चेहरा डोळ्यासमोर आण, मुंडावळ्या, नथ, कपाळावरची चंद्रकोर, हनुवटीपर्यंत. ३० बाय २० मध्ये हे सगळं येऊन वर खांद्याजवळचा शालू आणि मागचा पडदा पण येतो. साडेबावीस बाय १५ मध्ये चेहराच राहतो. तुला हवाय तो फोटो हाच ना? मग फरक खरा आहे आणि बारीकसारीक पण नाही.

ह्यावर विश्वास ठेवायला माझी गरज नाही. घरात भिंतीला पेपर चिकटव, त्यावर फुटपट्टी आडवी लाव, २०० वर ठेवून फोकस होईल तितकं जवळ जा आणि फोटोत फुटपट्टीचे किती सेंटीमीटर आले ते मोज. ३० च्या जवळपास येईल. हाच प्रयोग त्यांच्या लेन्सवर तुझीच बॉडी लावून कर.

आता 'खरी २००' बद्दल. त्याच हिशेबाने व्हीआर वन सगळ्यात जवळच्या फोकसला १८० च्या आसपास भरते. म्हणजे श्वास ती पण घेते, फक्त कमी. काकांनी मीठमसाला लावलाय, पण मुद्द्याला धरून आहे, तेवढं त्यांना माफ करू.

पण घोडं पेंड खातं ते वेगळ्याच ठिकाणी. हा सगळा फरक जवळच्या फोकसचा आहे. जसजसा लांब जाशील तसा तो कमी होत जातो आणि हॉलच्या दुसऱ्या टोकावरून काढलास तर कुठला फोटो कुठल्या लेन्सचा हे सांगता पण येणार नाही. मग प्रश्न असा की तू खरंच दीड-दोन मीटरवरून किती फोटो काढतोस? अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं चालू आहेत, अक्षता पडतायत, तेव्हा तुला दोन मीटरवर कोण येऊ देतंय, मध्ये भटजी, मामा, करवल्या आणि व्हिडिओवाला, तो तर तुझ्या फ्रेममध्ये येण्यासाठीच जन्माला आलेला असतो. तिथे तू चार-पाच मीटर मागे असतोस. दीड मीटरवरचे फोटो म्हणजे मेकअप रूममधले, हळदीतले, आणि नंतर कपल सेशनमधले, जिथे नवरी तुझ्यासाठी थांबलेली असते. आणि जिथे ती थांबलेली असते तिथे तुझ्याकडे दुसरे उपाय करायला पण वेळ असतो, त्यावर येतोच.

हे डोक्यात अंदाज बांधून ठरवू नकोस, तुझ्या फाइलींना विचार. निकॉन प्रत्येक फोटोत फोकसचं अंतर लिहून ठेवतो, पण साध्या सॉफ्टवेअरमध्ये ते सहसा दिसत नाही. एक्झिफटूल नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात फोकस डिस्टन्स म्हणून येतं. मागच्या सीझनमधली दोन-तीन लग्नं घे, एनईएफ म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाइलीच घे, एक्सपोर्ट केलेल्या जेपीजीत हे बऱ्याचदा उडून गेलेलं असतं, आणि बघ की २०० वर असताना अंतर दोन मीटरच्या आत असलेले फोटो किती आहेत. अंतर काटेकोर नसतं, अंदाजेच असतं, पण आपल्याला तेवढं पुरे. आणि नुसते किती काढले हे बघू नकोस, त्यातले अल्बममध्ये किती गेले ते बघ, कारण पार्टी पैसे अल्बमचे देते. माझा अंदाज आहे की मूठभर निघतील. भरपूर निघाले तर माझं पुढचं म्हणणं थोडं सौम्य करून वाच.

आता काकांनी न सांगितलेली अर्धी गोष्ट. व्हीआर वन बाजारात आली २००३ च्या सुमाराला. तेव्हा निकॉनचा एकही फुल फ्रेम डिजिटल कॅमेरा नव्हता, सगळे क्रॉप सेन्सरवाले, आणि क्रॉप सेन्सर लेन्सचा मधला भागच वापरतो, कडा कापूनच टाकतो. त्यामुळे त्या काळात ही लेन्स म्हणजे देव होती, कोणाची काही तक्रार नव्हती. २००७ ला डी३ आला, पुढच्या वर्षी डी७००, आणि फुल फ्रेमवर लावल्यावर लोकांना पहिल्यांदा कॉर्नर दिसले. २०० वर कडा सॉफ्ट, कोपरे काळपट. व्हीआर टू त्याच्यावरच उपाय म्हणून आली, कडेपर्यंत शार्प, काचेवर चमक अडवणारं नॅनो कोटिंग, व्हीआर म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय पण सुधारलेली, आणि ह्या सगळ्यात, जवळच्या फोकसला फोकल लेंथ घसरली ती घसरली. म्हणजे तुला जे खुपतंय ते आणि काकांना जे हवंय ते एकाच बदलातून आलंय.

आता मला सांग, काका स्वतःहून १५,००० वर द्यायला का तयार झाले? मला वाटतं त्यांनी एवढ्यात फुल फ्रेम बॉडी घेतली असणार. विचार त्यांना. ह्यात लबाडी काही नाही, त्यांच्या गरजेला तुझी लेन्स बसते, पण तुझी मेन बॉडी पण फुल फ्रेमच आहे रे बाबा! ज्या कारणासाठी ते लेन्स बदलतायत तेच कारण तू घरी घेऊन जाणार.

तरीपण कॉर्नरचा मी फार बाऊ करणार नाही. लोक ह्याच्यावर भांडत बसतात, भिंतीच्या विटांचे फोटो काढून कोपरे मोठे करून बघतात, पण लग्नाच्या फोटोत २०० वर कोपऱ्यात असतं काय, पडद्याची झालर किंवा कोणाच्या तरी काकूंचा खांदा. चेहरा मध्ये किंवा मध्याच्या जवळपास असतो आणि तिथे व्हीआर वन आजही शार्प आहे. अडचण तेव्हाच येईल जेव्हा तू नवरीला फ्रेमच्या एका टोकाला ठेवून बाकी जागा मोकळी सोडतोस, हल्ली कँडिडवाले करतात तसं. तू तसे फोटो काढत असशील तर कॉर्नरचा विचार कर, नसशील तर सोड.

मला जास्त भीती वाटते ती लाइटची. आपल्याकडचं स्टेज आता आधीसारखं राहिलेलं नाही, नवरा-नवरीच्या मागे एलईडी वॉल, बाजूला पार लाइट, एंट्रीला शार्पी, म्हणजे ते झोतवाले लाइट, थेट लेन्समध्ये मारतात, आणि वर व्हिडिओवाल्याचा लाइट समोरून नाहीतर तिरका. असल्या बॅकलाइटमध्ये व्हीआर टू चं नॅनो कोटिंग काम करतं. व्हीआर वन ला ते नाही, त्यामुळे लाइट सरळ काचेवर आला की सगळ्या फोटोवर एक पांढुरकी साय चढते, काळे केस राखाडी होतात, शालूचा रंग उतरतो. हे लाइटरूममध्ये थोडंफार ओढून काढता येतं पण रिसेप्शनचे पाचशे फोटो ओढत बसायला तुला वेळ आहे का? क्लोजअप दिवसातले दहा, स्टेजचे फोटो शेकड्याने. दहांसाठी शेकडो बिघडवायचे का, एवढाच सवाल आहे.

आणि वय. व्हीआर वन कितीही जपून वापरलेली असली तरी २००९ च्या आसपासची तरी असणारच, बहुतेक त्याआधीची. ह्या जुन्या एएफ-एस लेन्सची आतली फोकसची मोटर म्हातारी झाली की फोकस करताना बारीक चिरका आवाज काढायला लागते, सुरुवातीला अधूनमधून, मग नेहमी, आणि मग एखाद्या दिवशी ऐन मुहूर्ताला फोकसच होत नाही. व्हीआरचं युनिट पण तसंच, चालतंय तोवर चालतंय. पार्ट मिळणं दिवसेंदिवस अवघड होत जाणार, तुझ्या लेन्सचं पण होणार म्हणा, पण तिच्या आधी हिचं होईल. १५,००० जे येतायत ते मोटर बदलण्यात कधी गेले ते कळणार पण नाही. वहिनींना हे नीट समजावून सांग, त्यांचा हिशेब चुकीचा नाहीये, त्यात फक्त दुरुस्तीचा खर्च धरलेला नाही.

भावाचं पण एक आहे. मुंबईला बोरा बाजारात सेकंडहँड लेन्स घेणारे दुकानदार आहेत, तिथे दोघांना फोन कर आणि दोन्ही लेन्स 'मला विकायच्या आहेत, काय द्याल' असं विचार. विकत घ्यायचा भाव विचारू नकोस, तो नेहमी फुगवलेला असतो. दोन भावांमधला फरक १५,००० पेक्षा बराच जास्त निघाला तर हा सौदा पैशाच्या हिशेबानेसुद्धा बसत नाही, आणि तो आकडा हातात असला की काकांना नाही म्हणायला पण सोपं जातं.

कॅरेक्टरवर मी दोनच वाक्यं बोलणार. कोपरे काळपट होतात त्यामुळे चेहऱ्याकडे नजर जाते आणि बॅकलाइटमध्ये कॉन्ट्रास्ट पडतो त्यामुळे फोटो मऊ वाटतो, ह्या दोन दोषांनाच लोक प्रेमाने कॅरेक्टर म्हणतात. पहिला तुला विनेटच्या एका स्लायडरने मिळतो आणि दुसरा नको असेल तेव्हा घालवता येत नाही.

मग तुझ्या क्लोजअपचं काय? तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू सहज लिहून गेलायस. बॅकअपला डी७२०० आहे! अरे, ती बॅगेत झोपवून का ठेवलीयेस? क्रॉप सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद. त्यावर तुझी हीच व्हीआर टू लावलीस आणि जास्तीत जास्त जवळ गेलास तर फ्रेममध्ये साधारण साडेएकोणीस बाय १३ सेंटीमीटर मावतात. आता मगाचा आकडा आठव, व्हीआर वन डी७५० वर साडेबावीस बाय १५. म्हणजे तुझ्या स्वतःच्या दोन वस्तू एकमेकांना लावल्या तर काकांच्या लेन्सपेक्षा टाइट फ्रेम मिळते, एक रुपया न घालता आणि काही न देता. मेगापिक्सेल पण २४ च्या २४. मेकअप रूममध्ये शिरताना ७०-२०० डी७२०० वर चढव आणि डी७५० वर वाइड किंवा ५० ठेव, दोन्ही गळ्यात. मानेला त्रास होईल, १५४० ग्रॅमची लेन्स आहे, पण तेवढ्यापुरताच.

बॉडी बदलायचा कंटाळा असेल तर डी७५० मध्येच डीएक्स क्रॉप मोड आहे, एखाद्या बटणाला लावून ठेव. फाइल ३९३६ बाय २६२४ ची येईल, दहा मेगापिक्सेल. ऐकायला कमी वाटतं पण १२ बाय ३६ च्या अल्बममध्ये एका बाजूचं अख्खं पान म्हणजे १२ बाय १८ भरलंस तरी इंचाला दोनशेच्या वर पिक्सेल पडतात, पार्टीला काहीही कळणार नाही. नाहीतर नंतर लाइटरूममध्ये क्रॉप कर, तेच आहे. हो, बॅकग्राउंड व्हीआर वन इतकं विरघळणार नाही, थोडा फरक राहतो, ती दुधाची तहान ताकावर आहे हे मान्य. मग मागचा पडदा नवरीपासून जरा लांब ने, किंवा तिलाच दोन पावलं पुढे घे.

तिसरा उपाय, १.४ चा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारी, चित्र १.४ पट मोठं करणारी जोड. निकॉनचा टीसी-१४ई टू सेकंडहँड मिळतो, व्हीआर टू वर व्यवस्थित चालतो. जवळचं अंतर तेच राहतं पण मॅग्निफिकेशन ०.१२ चं ०.१७ होतं, परत व्हीआर वन च्या पुढे. एफ २.८ चं एफ ४ होतं हा तोटा, म्हणजे अंधाऱ्या हॉलमध्ये काढून ठेवायचा. आउटडोअर प्रीवेडिंगला मात्र मजा येईल. कोणी सांगेल ८५ एफ १.८ घे, पोर्ट्रेटची राणी आहे वगैरे. लेन्स सुंदर आहे, वाद नाही, पण तुझा प्रश्न तिने सुटत नाही, तिचं मॅग्निफिकेशन पण ०.१२ च आहे, फ्रेम तेवढीच येणार आणि वर तू नवरीच्या नाकासमोर ८० सेंटीमीटरवर उभा असणार, तिला पण अवघडल्यासारखं आणि नाक पण मोठं. नुसत्या नथीचा, मेंदीचा, जोडव्यांचा फोटो हवा असेल तर मॅक्रो भाड्याने आण, त्यासाठी ७०-२०० वर चिडू नकोस.

तर माझं मत, बदलू नकोस. निदान ह्या सीझनला तर नाहीच, कारण तुझ्याकडे ही लांब लेन्स एकच दिसतेय आणि पोट तिच्यावर आहे. चालू गाडीचं इंजिन वरातीच्या दिवशी उतरवत नाहीत.

ह्याच्या उलट सांगितलं असतं असे पण प्रसंग आहेत. तुझी मेन बॉडी डी७२०० किंवा डी५०० सारखी क्रॉप सेन्सरवाली असती तर म्हटलं असतं घे, कॉर्नरची भानगडच नाही आणि बॅरलवर पुढे ती फोकस लॉकची बटणं आहेत ती पण मस्त, व्हीआर टू मध्ये ती काढून टाकली. तू लग्नं सोडून फक्त लहान मुलांचे, मॅटर्निटीचे आउटडोअर फोटो काढत असतास, दिवसाच्या उजेडात दीड-दोन मीटरवरून, तरी घे म्हटलं असतं. आणि तुझीच लेन्स आताच चिरचिरायला लागली असेल तर मग गोष्ट वेगळी, पण मग ते काकांना सांगूनच सौदा कर, एकाच भागात धंदा करायचाय.

एवढं वाचूनही मन त्याच लेन्सवर असेल, असतं, मला माहीत आहे, तर निदान अशी घे. एका लग्नापुरती त्यांची लेन्स मागून आण आणि तुझी त्यांना दे, दोघांनाही कळेल. सीनियर माणूस आहे, नाही म्हणणार नाही, म्हणाला तर तेवढ्यावरच ओळख. तपासताना अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च तिरका मार आणि पुढून बघ, बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, कडेला जास्त. धूळ असली तर घाबरू नकोस, धूळ सगळ्यात असते. लेन्सच्या मागच्या बाजूला डायफ्रामची छोटी दांडी आहे ती बोटाने हलवून सोड, पाकळ्या चटकन परत यायला हव्यात, रेंगाळल्या तर तेल आलंय. फोकस सगळ्यात जवळून सगळ्यात लांब आणि परत, असा दहा-पंधरा वेळा पळव आणि कान लावून ऐक. व्हीआर चालू करून बटण अर्धं दाब, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर व्हायला हवं, उडी मारत असेल किंवा थरथरत असेल तर तिथेच नमस्कार कर. आणि संध्याकाळी थांब, कोणाला तरी उभं कर, मागे बाइकचा हेडलाइट लाव आणि दोन्ही लेन्सने तोच फोटो काढ. स्टेजवर काय होणार ते तिथेच दिसेल.

अजून एक, हे तुमच्या भागापुरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये सांगलीत पाणी शिरलं होतं, आणि पाण्यातून निघालेल्या कितीतरी वस्तू सुकवून, पुसून नंतर बाजारात फिरल्या. तासगाव नदीपासून लांब आहे, पण ती लेन्स तेव्हा कुठे होती, त्यांच्याकडेच की सांगलीतल्या एखाद्या दुकानात, आणि त्यांनी ती कोणाकडून घेतली, हे सरळ विचार. माउंटच्या स्क्रूवर गंज, रबर रिंगच्या खाली चिखलाची पूड किंवा आतल्या काचेवर पाण्याचे वाळलेले गोल डाग दिसले तर १५ काय ५०,००० दिले तरी नको.

घेतलीसच तर डी७५० वर एएफ फाइन ट्यून, म्हणजे फोकस नेमका बसवायची मेनूतली सेटिंग, परत करावं लागेल. एका लेन्सला एकच आकडा ठेवता येतो, ७० आणि २०० ला वेगळा नाही, म्हणून तू ज्या टोकाला जास्त असतोस त्या टोकाला जुळव, तुझ्या बाबतीत २०० ला. पावसाळ्यात दोन्हीपैकी जी राहील ती हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेव, जेल गुलाबी झालं की बदल. सौदा झाला तर दोघांचे सिरियल नंबर, तारीख आणि एक महिन्यात काही निघालं तर परत, असं एका कागदावर लिहून सह्या करा, व्हॉट्सॲपवर फोटो एकमेकांना पाठवा. आणि इन्शुरन्स काढलेला असेल तर त्यात जुन्या लेन्सचा नंबर काढून नव्या, म्हणजे जुन्याच, लेन्सचा टाकायला विसरू नकोस.